खिशात राहिलेलं

आत्याची राख सावडायला आम्ही अमरधाममध्ये गेलो तेव्हा नुकतं ऊन पडायला लागलं होतं. राख वरून थंड, आत हात घातला की अजून कोमट. दूध-पाणी शिंपडून झालं, दादा वाकून एकेक अस्थी मडक्यात घालू लागला आणि तिथल्या माणसाने चिमट्याने एक लांबट दांडी उपसून फरशीवर ठेवली. खण्णकन आवाज झाला. मागे कुजबुजणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. आत्या मागे न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा आत घातलेला रॉड तो. आगीने त्याच्यावर मोरपिशी झाक चढली होती. ‘‘हे नदीत चालत नाही,’’ तो माणूस म्हणाला, ‘‘घरी नेताय का?’’ दादाने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. कोणीच बोलेना तेव्हा त्याने दांडी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डब्यात आधीच बरंच काही होतं: स्क्रू, भोकंभोकं असलेल्या पट्ट्या, गुडघ्याची एक गुळगुळीत वाटी. टाकायच्या आधी माझी नजर गेली, दांडीच्या टोकाला बारीक कोरलेला लांबलचक आकडा होता. आत्याचे हात गेले, तिचा तो खर्जातला ‘अगं ए’ गेला, आकडा मात्र वाचता येत होता.

तिथून रामकुंडावर. इथे अस्थी पाण्यात विरघळतात ही श्रद्धा नाशिककरांना सांगायला नको, आणि अस्थिविलय तीर्थाच्या पायऱ्यांवरची रेटारेटीही सांगायला नको. मडकं रिकामं होतं न होतं तोच कमरेएवढ्या पाण्यात चाळण घेऊन उभा असलेला एक झारेकरी पोरगा जवळ सरकला. ‘‘ताई, मणी घातला होता का?’’ त्यात उद्धटपणा नव्हता. भाजीवाल्याने ‘सुट्टे आहेत का’ विचारावं तितक्या सहज विचारलं त्याने. दादा भडकला. मला राग आला नाही, कारण मणी घातला होता, मीच घातला होता, तुळशीपत्राबरोबर, आणि सावडताना तो सापडला नव्हता. म्हणजे आता तो त्या गाळात कुठेतरी होता आणि आज ना उद्या कुणाच्या तरी चाळणीत येणार होता. एका बाईच्या मागे धातूच्या दोन वस्तू उरल्या. एक आम्ही रीत म्हणून ठेवली, दुसरी डॉक्टरांनी गरज म्हणून. आणखी शंभर वर्षांनी कुणाला ती दांडी आणि तो मणी शेजारी शेजारी सापडले, तर त्याला आमच्याबद्दल काय कळेल?

हा प्रश्न मला पहिल्या महायुद्धाच्या चिखलात घेऊन गेला.

त्याला आमचे सुभेदारसाहेबही थोडे कारणीभूत आहेत. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात, तोफखान्यातून निवृत्त. देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की नाशिकरोडच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. आम्ही म्हणतो ‘चालू झालं’, आणि सुभेदारसाहेब चहाचा कप खाली न ठेवता कोणती तोफ ते सांगतात. त्यांना मी त्या आकड्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, ‘‘वहिनी, आमच्या गळ्यातच असतो आकडा. आम्ही त्याच्याभोवती दोरा गुंडाळून ठेवायचो. रात्री चालताना वाजायला नको.’’ मग थोडं थांबून, ‘‘तो स्वतःसाठी नसतो. दुसऱ्या कुणीतरी वाचायचा असतो.’’ तेवढ्यावर ते क्रिकेटकडे वळले. मी मात्र रात्री मोबाईल घेऊन बसले आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहिले.

गळ्यातल्या त्या चकतीची गोष्ट विचित्र आहे. युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश फौजेतल्या शिपायाच्या गळ्यात एकच चकती असायची. तो पडला की साथीदार ती काढून घ्यायचा, कारण मृत्यू कळवायला पुरावा हवा. पुरावा कचेरीत पोचायचा, घरी तार जायची आणि देह त्याच क्षणी अनोळखी व्हायचा. पुन्हा गोळे पडले, खुणेची लाकडी फळी उडाली, की ते शरीर कुणाचं हे सांगायला काहीच शिल्लक नाही. हे ध्यानात येऊन दुसरी चकती द्यायला १९१६ चा सप्टेंबर उजाडला. तोवर फ्रान्समधली सोम नदीकाठची लढाई दोन महिने चालू होती. मग लाल गोल चकती काढून न्यायची आणि हिरवी अष्टकोनी देहाबरोबर ठेवायची असं ठरलं. पण दोन्ही दाबून बनवलेल्या तंतूंच्या, धातूच्या नव्हेत. ओल्या मातीत त्या कुजल्या. मी हे वाचून चिडले, खरंच चिडले. इतकी मोठी फौज, इतके कारकून, आणि माणसाचं नाव लिहायला कुजणारी वस्तू निवडली. त्याच माणसाच्या कोटाचं बटण पितळेचं होतं; ते शंभर वर्षांनी आजही चकाकतं. बटणावर फौजेचं चिन्ह, चकतीवर त्याचं नाव.

युद्ध संपल्यावर माणसं मृतांना शोधत हिंडली. रणभूमीचे चौकोन पाडले होते, एकेक चौकोन पायी पालथा घालायचा. काय पाहायचं याचे त्यांचे आडाखे होते आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. जमिनीत उभी रोवलेली बंदूक किंवा खुंटी. गवत जिथे आजूबाजूपेक्षा गडद, निळसर हिरवं आणि रुंद पात्याचं आहे ती जागा. खड्ड्यातल्या पाण्याला काळपट-हिरवा रंग असेल ती जागा. आणि उंदरांची बिळं, कारण उंदीर बीळ खणताना आतलं हाड किंवा पट्ट्याचा तुकडा बाहेर आणून टाकतो. घाईच्या दफनात साथीदारांनी कुठे कुठे कागदावर नाव लिहून तो बाटलीत घातलेला असे आणि बाटली मातीत उपडी रोवलेली. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र फार स्पष्ट उभं राहतं: गोळीबारात गुडघ्यांवर बसून पेन्सिलीने नाव लिहिणारा कुणीतरी, आणि बूच नीट बसलंय ना हे अंगठ्याने दाबून बघणं.

अशा वस्तूंवरून मेलेल्याची ओळख पटते, हे तर सगळेच सांगतात. चमच्याच्या दांड्यावर कोरलेला पलटणीतला नंबर, दाढीच्या वस्तऱ्यावरची आद्याक्षरं, खांद्यावरचा बिल्ला. माझं लक्ष दुसरीकडेच अडकलं. या बारीकसारीक वस्तू मेलेल्याबद्दल जेवढं सांगतात, त्याहून जास्त पुरणाऱ्याबद्दल सांगतात. छातीवर बटणं एका रांगेत सापडली तर डगला घातलेला, बटणं लावलेला माणूस जमिनीत गेला. देहाच्या कडेने पितळी रिंगा ओळीने सापडल्या तर त्याला मेणकापडात गुंडाळलं होतं, म्हणजे कुणाजवळ तरी तेवढा वेळ होता आणि स्वतःचं पांघरूण देऊन टाकायची तयारीही होती. कमरेला काडतुसांचे खण भरलेलेच राहिले असतील तर त्याला कुणी हात लावलेला नाही. खंदक कोसळला असेल, किंवा शेजारच्या खड्ड्यात ढकलून वर माती ओढली असेल. बूट नसतील तर ते कुणाला तरी हवे होते. त्या कुणाचे पाय ओले होते, एवढंच त्यातून समजायचं. मला त्याला चोर म्हणवत नाही.

आणि खिसे. खिशात घड्याळ, नाणी, चाकू, पाइप सगळं असेल, तर त्या माणसापाशी कुणी शांतपणे बसलंच नाही. खिसे रिकामे असतील तर कुणीतरी बसलं.

फ्रान्समधल्या फ्रोमेल गावाची हकीकत मी पुन्हा पुन्हा वाचली ती यासाठी. १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळी तिथे ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश पलटणी जर्मन खंदकांवर चालून गेल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत एकट्या ऑस्ट्रेलियाची साडेपाच हजार माणसं मेलेली, जखमी किंवा बेपत्ता. जे जर्मन खंदकांच्या आत पडले त्यांना पुरायचं काम साहजिकच जर्मनांवर आलं. बव्हेरियाच्या पलटणीने रानाच्या कडेला मोठे खड्डे खणले, प्रेतं छोट्या रुळांवरच्या गाडीतून आणली, ओळीने ठेवली. त्याआधी त्यांचे खिसे तपासले, चकत्या आणि चीजवस्तू काढल्या आणि रेडक्रॉसमार्फत याद्या शत्रूच्या देशात पाठवल्या. युद्धानंतरच्या शोधात ते खड्डे निसटले. नव्वद वर्षं ते कुणाला माहीत नव्हते. मेलबर्नचे एक निवृत्त शिक्षक, लांबिस इंग्लेझोस, जुन्या नोंदी आणि विमानातून काढलेले फोटो घेऊन वर्षानुवर्षं मागे लागले, तेव्हा २००७ मध्ये तिथे धातू शोधणारं यंत्र फिरलं आणि मातीत एक छोटं पदक सापडलं. ऑस्ट्रेलियातल्या आल्बर्टन तालुक्याने आपल्या गावातून लढायला निघालेल्या पोरांना शुभेच्छा म्हणून दिलेलं. आपल्याकडे निघताना हातावर दही देतात, त्यातलंच ते. जर्मन ताब्यातल्या त्या जमिनीत ऑस्ट्रेलियन देह आहेत याचा तो पहिला ठोस पुरावा. २००९ मध्ये खणलं तेव्हा अडीचशे देह निघाले.

त्यांतल्या एकाच्या गॅस मास्कच्या आत घडी घालून ठेवलेलं रेल्वेचं तिकीट होतं. फ्रीमँटल ते पर्थ. परतीचा अर्धा भाग.

या तिकिटावर फार लोकांनी फार हळवं लिहिलंय आणि मलाही तो मोह होतोय. परतीचं तिकीट, न परतलेला मुलगा, सगळं तयारच आहे. पण मला त्या तिकिटात जास्त दिसतो तो जर्मन शिपाई, ज्याच्या नजरेतून ते सुटलं. त्याने डगल्याचे खिसे पाहिले, विजारीचे पाहिले, गळ्याशी हात घातला. शत्रूचं प्रेत, जुलैचा उकाडा, दोन दिवस झालेले. त्या वासात तो हे काम करत होता. गॅस मास्कच्या घडीत कुणी तिकीट ठेवेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. म्हणजे आज आपल्या हाती जे आलं ते त्याच्याकडून राहून गेलेलं. त्या खड्ड्यांतून वस्तूंचे तुकडे मिळून सहा हजारांवर सापडले, पण नाव सांगणाऱ्या वस्तू फार थोड्या, कारण त्या त्याने प्रामाणिकपणे काढून पाठवून दिल्या होत्या. नव्वद वर्षांनी ओळख पटवताना त्या देहांच्या दातांतून आणि हाडांतून जनुकं काढावी लागली, वंशजांच्या लाळेशी जुळवावी लागली, आणि अशी दीडशेहून अधिक नावं परत मिळाली. चांगुलपणामुळेही माणूस अनोळखी होतो. यावर काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

उलट उदाहरण इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या पलटणीचं. फ्रान्समध्ये आरासजवळ २००१ मध्ये एका लांबट खड्ड्यात वीस जण सापडले, हाताला हात भिडवून, खांद्याला खांदा लावून निजवलेले. बिल्ल्यांवरून पलटण कळली. ग्रिम्सबी गावच्या पोरांची, शाळेपासून ओळखणाऱ्यांची. हे पुरणारे आपलेच होते हे सांगायला बिल्ल्याची गरजही नव्हती, त्या हातांच्या ठेवणीवरूनच कळतं. परक्याने एवढं केलं नसतं. त्याला ते सुचलंही नसतं.

मला वस्तूंचं थोडं वेड आहे हे कबूल. आईकडचा भांडीबाजार, तिथल्या तांबटांची ठोकाठोक, कल्हईचा नवसागराचा धूर, यात लहानपण गेलं. पितळेत ताक कळकतं हे आम्हांला शाळेआधी कळलेलं. तांब्या-पितळेवर चढणारा तो हिरवा जंगाल विषारी असतो. आणि मातीत गेलेल्या शिपायाच्या बाबतीत तेच विष उपयोगी पडतं. बटणातलं तांबं आजूबाजूच्या कापडात झिरपतं, तिथे जिवाणूंना टिकू देत नाही, म्हणून सगळा डगला मातीमोल झाला तरी बटणामागे रुपयाएवढं कापड उरतं. त्यावरून डगल्याचा रंग कळतो, वीण कळते. आम्लधर्मी जमिनीत लोकर टिकते आणि सुती धागा जातो, म्हणून कधी लोकरीचे तुकडे तसेच राहतात आणि त्यांना जोडणारी शिवण नाहीशी होते. अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेच्या संग्रहालयात मागे गेले होते तेव्हा तिथल्या गृहस्थांनी सांगितलं होतं की जुनं नाणं घासून लख्ख करू नका, त्याची अर्धी माहिती त्या पापुद्र्यात असते. तेव्हा मी हो हो म्हटलं आणि घरी येऊन आजीचा तांब्या चिंचेने घासला.

अर्थात वस्तू थापाही मारतात. शिपाई जिंकलेल्याचा पट्टा हौसेने कमरेला बांधतो, मेलेल्या मित्राचा चमचा वापरतो, पैजेत घड्याळ हरतो. एका बिल्ल्यावरून देश ठरवणं धोक्याचं. लिथुआनियात विल्निअस शहरात २००१ मध्ये बुलडोझरखाली हजारो सांगाडे निघाले, तेव्हा लोकांना आधी वाटलं हे विसाव्या शतकातल्या कत्तलींचे बळी. त्या शहराने तेवढं भोगलं आहे, वाटणारच. मग मातीत बटणं दिसायला लागली, बटणांवर पलटणींचे आकडे; नाणी निघाली, फ्रेंच. ती नेपोलियनची १८१२ ची रशियातून परतणारी फौज होती, थंडीने, भुकेने आणि रोगाने मेलेली. एवढ्या माणसांत नाव सांगणारं कुणी नाही. आकडे मात्र चाळीसेक पलटणींचे. ती बटणं फौजेच्या मालाची खूण होती, आत्याच्या रॉडवरच्या आकड्यासारखीच.

इथवर वाचत आले आणि मग मनात आलं, आपल्याकडचं काय?

२०१६ मध्ये फ्रान्समधल्या रिशबूर गावाजवळ खोदकामात दोन भारतीय शिपायांचे अवशेष सापडले. नाव नाही, नंबर नाही. होता तो खांद्यावरचा आकडा, ३९. एकोणचाळिसावी गढवाल रायफल्स. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लावांतीच्या सैनिकी दफनभूमीत त्यांना मानाने पुन्हा पुरलं. शंभर वर्षांनी दोन अंकांनी त्यांना त्यांच्या पहाडापर्यंत आणलं, दारापर्यंत नाही. ते हिंदू होते का, असतील तर अग्नी का मिळाला नाही, हा प्रश्न आपल्या मनात लगेच येतो. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या इस्पितळात गेलेल्या हिंदू आणि शीख शिपायांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला, तिथे आज संगमरवरी छत्री आहे. खंदकात लाकडं कुठून आणणार? तिथे हिंदू, मुसलमान, गोरा, सगळ्यांना एकच ओली माती.

मराठा पलटणींचा मोठा भाग त्या युद्धात इराककडे गेला. तिथे तुर्कांनी कूत गावाला घातलेल्या वेढ्यात पूना डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि त्यानंतर कैदेच्या वाटेवर किती गेले याचा हिशेब करताना इतिहासकारही चाचरतात. त्या आघाडीवर ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं. भारतीय अधिकाऱ्याचं नाव कोरलं. भारतीय शिपायाचा, पलटणीच्या नावाखाली, आकडा कोरला. इतके इतके. मी फ्रान्समधल्या चकतीवर चिडले होते, पण तिथे निदान मातीला दोष देता येतो. इथे नाव कुजलं नव्हतं. ते कुणाच्या तरी टेबलावर होतं आणि कोरायचं नाही असं ठरलं. युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थच्या आयोगाने स्वतःच २०२१ मध्ये अहवाल काढून हे मान्य केलं: मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले निदान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृत असे, की ज्यांची नावानिशी किंवा मुळातच कुठे नोंद केली गेली नाही.

पानिपतानंतरचा तो सांकेतिक मजकूर आपल्याला शाळेपासून पाठ आहे: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. आपण तो अभिमानाने आणि हळहळत म्हणतो. मला हल्ली तो म्हणताना जीभ अडते. खुर्दा कुणी मोजला नाही ही गोष्ट साहेबाने आपल्याला शिकवलेली नव्हे. आणि मोत्याचंही कुठे धड झालं? सदाशिवरावांचा देह सापडला की नाही यावर एकमत झालं नाही, पार्वतीबाई कुंकू पुसायला तयार झाल्या नाहीत, आणि पंधरा वर्षांनी कोकणात तोतयाने बंड केलं आणि त्याच्या मागे माणसंही जमली. तोतया म्हणजे एक न सापडलेली वस्तूच. गळ्यातली एक खात्रीची चकती असती तर त्या बाईचं पुढचं आयुष्य कसं गेलं असतं हे सांगता येत नाही, पण तोतयाचं नक्कीच लवकर आटोपलं असतं.

देह न सापडण्याचा उपाय आपल्या लोकांनी फार पूर्वी करून ठेवला आहे, आणि तो आमच्या दाराशीच आहे. बेपत्ता माणसासाठी पळसाच्या तीनशे साठ देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी देतात. त्र्यंबकेश्वरला नारायणबळीत कणकेचा देह करतात. लहानपणी त्र्यंबकच्या वाटेवर शेजारी बसलेल्या कुटुंबाच्या मांडीवरच्या पिशवीतून कणकेचा आणि तिळाचा वास यायचा आणि आई मला खिडकीकडे वळवायची. त्या विधीत वस्तू एकही खरी नसते. खरं असतं ते नाव आणि गोत्र, मोठ्याने उच्चारलेलं. फ्रोमेलच्या त्या खड्ड्यात देह होता, बूट होते, तिकीट होतं. नाव तेवढं शोधावं लागलं.

सुभेदारसाहेबांना मी यातलं बरंचसं ऐकवलं. त्यांना युरोपात रस नाही. ते सियाचिनबद्दल बोलले. १९८४ मध्ये हिमस्खलनात गेलेला कुमाऊँ रेजिमेंटचा एक लान्स नायक, त्याचा देह २०२२ च्या ऑगस्टमध्ये सापडला. अडतीस वर्षं. गळ्यातल्या चकतीवरचा नंबर वाचता आला म्हणून घरी नेता आला, बायकोच्या हयातीत अग्नी मिळाला. ‘‘धातूची होती म्हणून,’’ एवढंच ते म्हणाले.

मग कारगिलची गोष्ट. ती पेपरांत आलेली आहे, पण द्रासला तोफेवर असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं. टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान लढताना पडला. ‘कर्नल’ हे त्याचं नाव, हुद्दा कॅप्टनचा. पाकिस्तान तेव्हा आपले नियमित सैनिक तिथे आहेत हेच मान्य करत नव्हतं. डोंगरावर सापडलेली पगारपुस्तकं आणि ओळखपत्रं दाखवून आपण ते सिद्ध करत होतो. जे देह त्यांनी घेतले नाहीत त्यांना आपल्या जवानांनी धर्माप्रमाणे पुरलं. या कॅप्टनचा देह मात्र खाली आणवला आणि परत पाठवताना ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली, की हा फार शौर्याने लढला, त्याला त्याचं श्रेय मिळावं. त्याच्या देशाने त्याला निशान-ए-हैदर हे आपलं सर्वोच्च शौर्यपदक दिलं.

मी इतकं वाचलं होतं, सगळीकडे खिसे रिकामे करण्याच्या गोष्टी. शत्रूच्या खिशात काही घालण्याची ही एकच. मी भारावून काहीतरी बोलले. सुभेदारसाहेब म्हणाले, ‘‘कागद होता, वहिनी. लवकर पोचला म्हणून बरं. महिनाभर बर्फात राहिला असता तर लगदा.’’

मध्यंतरी पंचवटीत आमच्या तीर्थोपाध्यायांकडे जायचं होतं, आत्याचं नाव वहीत घालायला. त्यांच्या वाड्यात लांबट वह्या लाल कापडात बांधून फळ्यांवर रचलेल्या असतात; पिढ्यांपूर्वी आलेल्या माणसांच्या सह्या, मोडीतली वळणं, कुठे नुसता अंगठा. दादा सही करत असताना मी सहज विचारलं, युद्धात गेलेल्यांच्या नोंदी असतील का हो यात? मागे राहिलेला भाऊ किंवा मुलगा इथे आला असेल, त्याने काही लिहून ठेवलं असेल. बसरा, कूत, असं काही. गुरुजींनी चष्मा वर केला. ‘‘असतील की. पण वही गावावर आणि आडनावावर लागते. गाव सांगा, आडनाव सांगा, आजोबा-पणजोबांचं नाव सांगा, पाच मिनिटांत काढतो. पलटणीचा नंबर घेऊन आलात तर मी कुठली वही सोडू?’’

माझ्याकडे एकच नाव-गाव पुरतं होतं, आणि तेही दुसऱ्या महायुद्धातलं. यशवंत घाडगे, पळसगाव, तालुका माणगाव. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, वय बावीस. माणगावला पुतळा आहे. कबर कुठेच नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांची कबर ठाऊक नाही अशांच्या यादीत. मी सांगितलं. गुरुजींनी मान हलवली.

‘‘माणगाव आमच्याकडे नाही. कोकणातल्या त्या गावांचे उपाध्ये वेगळे, मागच्या गल्लीत. दुपारी झोपतात ते, चारनंतर जा. आणि आडनाव घाडगे की घाटगे ते आधी नक्की करून जा, ते फार चिडतात.’’